जुना लॅपटॉप कसा नांदवावा

लॅपटॉप जुना केव्हा झाला म्हणावे, याबाबत मतभेद आहेत. विकणाऱ्याच्या मते तो बिल फाडल्या क्षणी जुना होतो. मुलांच्या मते पाच वर्षांनी. आमच्या घरातल्या गृहस्थांच्या मते लॅपटॉप जुना होतच नाही, तो 'हाताखाली बसतो'. आमच्याकडचा २०१४ साली आला. सोसायटीचे हिशेब, विम्याचे हप्ते आणि मुलीच्या लग्नाचे फोटो (तेच फोटो, तीन फोल्डरांत) असे सगळे त्याच्या पोटात आहे. प्रस्तुत मार्गदर्शन या तिघांच्या, म्हणजे लॅपटॉप, गृहस्थ आणि मी यांच्या, दीर्घ सहवासातून सिद्ध झाले आहे.

नियम पहिला. नुसता बंद करू नये, अधूनमधून रीस्टार्ट करावा. गृहस्थ रोज रात्री 'शट डाउन' दाबतात, वायर गुंडाळतात आणि आता त्याला रात्रभर विश्रांती, अशा समाधानाने झोपतात. विश्रांती बिश्रांती काही नसते. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली. तिच्यामुळे शट डाउन केले तरी विंडोजचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच पुन्हा उचलला जातो, कालच्या सगळ्या गुंत्यासकट. रीस्टार्ट मात्र खरोखर पहिल्यापासून मांडणी करतो. पुरावा हवा असल्यास कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि परफॉर्मन्समध्ये सीपीयूच्या खाली 'अप टाइम' पाहावा. रोज न चुकता बंद होणारा आमचा लॅपटॉप तिथे सव्वा महिना अखंड जागा असल्याचे निघाले. गृहस्थ बराच वेळ काही बोलले नाहीत. असे क्षण संसारात कमी येतात.

नियम दुसरा, रिफ्रेशविषयी. चालत्या बसमधून देऊळ दिसले की हात छातीशी जातो, तसा डेस्कटॉप दिसला की आपल्याकडे राइट क्लिक करून 'रिफ्रेश' दाबले जाते. एकदा नव्हे, चार-पाचदा, लयीत. त्याने डेस्कटॉपवरची चित्रे पुन्हा काढली जातात, बाकी काही नाही. मेमरी मोकळी होत नाही, वेग वाढत नाही. हे मी सांगितले, मुलाने सांगितले, दुरुस्तीवाल्यानेही सांगितले. "माहीत आहे गं," म्हणत गृहस्थांनी पुन्हा दाबले.

लॅपटॉप सुरू होताच आपणहून उठणाऱ्या प्रोग्रॅमना स्टार्टअपच्या यादीत जाऊन झोपवावे. दोन अँटिव्हायरस एका घरात ठेवू नयेत. विंडोजचा स्वतःचा पुरेसा आहे, आणि 'तुमचा पीसी तिप्पट वेगवान करा' असे म्हणणाऱ्याला तर उंबऱ्याबाहेरच ठेवावे.

आता मुख्य औषध. टास्क मॅनेजरमध्ये काही काम चालू नसताना 'डिस्क' १०० टक्क्यांवर चिकटून बसत असेल, तर बाकीचे सगळे उपाय म्हणजे मनाचे समाधान. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या बहुतेक लॅपटॉपांत फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क असते, मिनिटाला सहसा ५,४०० फेरे घेणारी. एक बारीक दांडी त्या तबकडीवर इकडून तिकडे धावत माहिती शोधते. तिच्या जागी अडीच इंची साटा एसएसडी बसवली, की धावाधाव संपते. त्यातले काही फिरतच नाही. इतके साधे आहे. पण गृहस्थांनी हे औषध घेण्यापूर्वी कूलिंग पॅड आणला, वॉलपेपर काढून काळा रंग लावला आणि लॅपटॉप पूर्वेकडे तोंड करून ठेवला. शेवटी एकदा तापकीर गल्लीत गेले आणि एसएसडीसोबत चार जीबीची जास्तीची रॅमही घेऊन आले. चहा होऊन, कप धुऊन होईपर्यंत न उठणारा लॅपटॉप आता आधण यायच्या आत उठतो. याचे श्रेय काळ्या वॉलपेपरलाही थोडे आहे, असे त्यांचे म्हणणे आहे.

उघडण्याची रीत मात्र त्यांच्याकडूनच शिकावी. हे मी मनापासून सांगते. आधी चार्जर काढायचा, मागचे झाकण उघडले की बॅटरीचे कनेक्शन सोडवायचे, मगच बाकी हात लावायचा. स्क्रू सगळे सारखे दिसतात पण सारखे नसतात. लांब स्क्रू आखूडच्या भोकात पिळला तर खालच्या बोर्डाला भोसकतो. म्हणून ते पाठकोऱ्या कागदावर लॅपटॉपची आकृती काढतात आणि निघालेला प्रत्येक स्क्रू त्या-त्या जागी चिकटपट्टीने लावतात. बँकेत तीस-पस्तीस वर्षे व्हाउचरे लावलेला हात आहे तो. फॅनच्या जाळीपाशी धुळीचा जाड पट्टा जमलेला असतो, तो ब्रशने काढायचा. हवा मारायची असेल तर पाते बोटाने धरून ठेवायचे, नाहीतर ते भलत्या वेगाने फिरून बिघडते. ब्रश माझा होता. गालाला रंग लावायचा. परत मिळाला, पण मी घेतला नाही.

बॅटरी फुगली असेल तर थट्टा बंद. टचपॅड वर उचललेले दिसते, त्याची टिचकी घट्ट लागते, झाकण नीट मिटत नाही. अशा वेळी चार्जिंग ताबडतोब थांबवावे, दाबू नये, टोचू नये, घंटागाडीत तर मुळीच टाकू नये. ती ई-कचऱ्यातच जाते. यावर "अजून दोन तास चालते की" हे उत्तर ग्राह्य धरले जाणार नाही.

राहता राहिले विंडोज. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतो आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. आमचा चौथ्या पिढीचा. मुलगा म्हणाला, "बाबा, आता तरी नवा घ्या." त्यावर बाबांनी पेन ड्राइव्हवर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती उतरवून घेतली. ती आधी पेन ड्राइव्हवरूनच चालवून पाहता येते, डिस्कला धक्का न लावता. चष्मा कपाळावर चढवून दोन संध्याकाळी ते "चल रे, चल" असे त्याच्याशी बोलत बसले होते. माझ्याशी इतक्या गोडीने शेवटचे कधी बोलले, हा वेगळा विषय आहे. वायफाय चालले, प्रिंटर चालला, मराठी टायपिंग इनस्क्रिप्टने झाले. फक्त युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये केलेल्या सोसायटीच्या जुन्या नोटिसा उघडल्यावर नुसती चिन्हे दिसू लागली. थकबाकीदार खूश आहेत.

शेवटचा नियम सर्वांत महत्त्वाचा: लॅपटॉप सुरळीत चालू लागल्यास जिन्यात कुणाला सांगू नये. गृहस्थांनी सांगितले. सध्या आमच्या जेवणाच्या टेबलावर बी विंगमधले दोन, ए विंगमधला एक, आणि चेअरमनसाहेबांच्या सुनेचा एक पाठ उघडून पडला आहे, आणि आम्ही सोफ्यावर ताटे मांडीत घेऊन जेवतो. तरी ज्यांना यायचे आहे त्यांनी चारनंतर यावे, फोटोंचा बॅकअप घेऊन यावे, आणि चार्जर आपला आपण आणावा. चहा मिळेल. ब्रश मिळणार नाही.