नाईस!

रविवारी बायकोनं भरली वांगी केली. पहिला घास घेऊन मी म्हणालो, "नाईस!"

हातातला डाव तसाच धरून तिनं विचारलं, "म्हणजे? मीठ कमी पडलंय का?"

पंचवीस वर्षांच्या संसारात तिनं एवढं ताडलंय की, बोलायला काही सुचलं नाही की मी 'नाईस' म्हणतो. मेव्हण्याचा फ्लॅट नाईस, भाचीचं तीन तासांचं अरंगेत्रम नाईस, साहेबांची कविता तर व्हेरी नाईस.

म्हटलं, दिवसातून वीसदा ज्याला राबवतो त्याचं कूळ तरी बघू. जाडजूड शब्दकोश उघडला आणि वांगं घशातच अडकलं. 'नाईस'चा मूळपुरुष लॅटिन 'नेस्कियस'. 'ने' म्हणजे न, 'स्कीरे' म्हणजे जाणणे. थोडक्यात, अडाणी! 'सायन्स'ही याच 'स्कीरे'च्या घरातलं. एक भाऊ शास्त्रज्ञ, दुसरा ठोंब्या! हा ठोंब्या फ्रेंचांच्या ओळखीनं इंग्रजीत शिरला, तेव्हा 'नाईस माणूस' म्हणजे चक्क बावळट माणूस. पुढे तो चोखंदळ झाला, नाजूक झाला, काटेकोर झाला आणि अठराव्या शतकात थेट 'छान'! परीक्षा न देता इतक्या बढत्या फक्त साहेबांच्या जावयाला मिळतात. जिथंतिथं हाच शब्द चिकटवणाऱ्यांची फिरकी जेन ऑस्टिननं 'नॉर्थँगर ॲबी' कादंबरीत दोनशे वर्षांपूर्वीच घेऊन ठेवली आहे.

हे सगळं मी बायकोला रंगवून सांगितलं. ती म्हणाली, "फार शहाणे आहात!"

हे कौतुक नव्हतं, हे कुणाही मराठी नवऱ्याला कळेल. मी पुन्हा कोशात डोकं घातलं, या वेळी मराठी. 'शहाणा' आला 'सज्ञान'वरून, म्हणजे जाणता. इंग्रजांनी अडाण्याला डोक्यावर बसवलं. आपण जाणत्याला दीडशहाणा केलं, अतिशहाणा केलं, वर त्याचा बैलही रिकामा ठेवला. अज्ञानाचं कौतुक आणि ज्ञानाचा टोमणा, हे काही एकट्या इंग्रजांचं किंवा आपल्या एकट्यांचं काम नाही. दोघांनी मिळून केलेलं आहे.

तेव्हा वाचकहो, हा लेख वाचून 'नाईस' म्हणू नका. 'शहाणे आहात' तर नकोच नको. मीठ कमी पडलंय का, तेवढं सांगा.