सुभेदारांची चौथाई

दासगावात सावित्रीच्या खाडीकडे तोंड करून एका निवृत्त सुभेदारांचं घर आहे. सुभेदार निवृत्त झाले, मिशी अजून नोकरीत आहे. खाचराला ते 'सेक्टर' म्हणतात, बांधाला 'बॉर्डर'. लावणीच्या बायांची हजेरी सकाळी सातला. बाया साडेआठला येतात.

त्यांचा सिद्धांत असा, की मावळ्यानं पावसाळ्यात नांगर धरावा आणि दसऱ्याला तलवार. साक्षीला सभासदाची बखर. बखरीत पावसाळी छावणी आहे, दाणावैरणीचा साठा आहे, दसऱ्यानंतर आठ महिने मुलूखगिरी आहे. नांगर सुभेदारांच्या पदरचा.

शिकार हा दुसरा अध्याय. पणजोबांनी डुक्कर पाडलं, की बंदूकवाल्याला दोन वाटे, हाकाऱ्यांना एकेक आणि कुत्र्यालाही त्याचा हक्क. "पगार नव्हता, वाटा होता. म्हणून माणूस मागं सरत नसे!" हे ऐकताना सैन्य पोसण्याचं अर्थशास्त्र पटतं. मात्र 1972 च्या वन्यजीव कायद्यापासून परवानगीशिवाय डुकरावर बंदूक उचलता येत नाही. सुभेदार शिस्तीचे, बॅटरी आणि पत्र्याचा डबा घेऊन मचाणावर बसतात. नऊला बसतात, दहाला घोरतात. घोरण्यानं डुकरं बिचकतात, असं शेजारचे सांगतात. मला ते खरं वाटतं.

गोची अशी, की मुलूखगिरी आता डुकरंच करतात. भात पोटरीला येईपर्यंत डोंगरात छावणी, दाणा भरला की स्वारी. जाताना चौथा हिस्सा चौथाई म्हणून नेतात. वरची दहा टक्के सरदेशमुखी माकडांची. रयतेच्या धान्याला हात लावू नका, असं महाराजांनी चिपळूणच्या लष्कराला बजावलं होतं. ते पत्र सुभेदारांनी मोठ्या अक्षरात फळ्यावर लिहून बांधावर लावलं. डुकरांनी आधी फळा पाडला.

"हल्ला परतवला," सकाळी ओसरीवर मिशीला पीळ देत सुभेदार म्हणाले.

काकू चहा ठेवून तिथंच थांबल्या. "अहो, पंचनाम्याला माणूस यायचाय, आधी फळा उचला. ट्रॅक्टर, खत, मजुरी, सगळं पेन्शनीतून गेलं. आणि येताना महाडाहून दहा किलो तांदूळ आणा. घरातला संपलाय."

"कोणता आणू?"

"डुकरांना आवडत नसेल तो."