आत्मशोधासाठी रोजनिशी: हिंगोली जिल्ह्यातल्या होतकरूंना मार्गदर्शन

पात्रता

रोज पहाटे उठून वहीत तीन पानं लिहिली की माणसाला स्वतःचा शोध लागतो, असं मोबाइलवरचे गुरू सांगतात. त्यांच्या व्हिडिओत मागे डोंगर असतो, पुढ्यात कॉफी असते आणि घरात दुसरं कुणी नसतं. प्रस्तुत मार्गदर्शन घरात दुसरी माणसं असलेल्यांसाठी आहे. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा आणि वसमत या पाचही तालुक्यांतल्या रहिवाशांना ते लागू राहील. पुण्यात नोकरीला गेलेल्यांनीही वापरायला हरकत नाही, मात्र त्यांनी दिवाळीला गावी येऊन सराव करावा.

वही

वही विकत घेऊ नये. आपल्याकडे पैसे देऊन डायरी आणणाऱ्याला लोक उधळ्या समजतात. जानेवारी लागला की ती आपोआप घरी येते. विम्याच्या एजंटाकडून एक, खत-बियाण्याच्या दुकानातून एक, पतसंस्थेकडून एक. सगळ्यात जाड मोंढ्यातल्या अडत्याची, कारण त्याला तुमची हळद हवी असते. परभणीच्या कृषी विद्यापीठाची कृषी दैनंदिनी हाती लागली तर सोडू नये. आत्मशोधात अडलात तर तुरीवरच्या शेंगा पोखरणाऱ्या अळीवर वाचत बसता येतं आणि वेळ वाया गेला असं वाटत नाही.

पहिल्या पानावर ‘वैयक्तिक माहिती’ असा छापील रकाना असतो. नाव, पत्ता, रक्तगट, पॉलिसी क्रमांक. तो आधी भरावा. बहुतेकांचा आत्मशोध रक्तगटापाशीच अडतो.

लिहायला बसण्यापूर्वी

आधी स्वयंपाकघरात जाऊन भिंतीकडे पाहावं. तुमच्या घरात रोजनिशी चालू आहेच, फक्त ती तुमची नाही. ‘कालनिर्णय’ निघालं १९७३ साली, तेव्हापासून मराठी घरातल्या बायका त्याच्या चौकोनांत रोज लिहीत आल्या आहेत. दुधाचं माप, दुधाचा खाडा, सिलिंडर लावल्याची तारीख, भिशीचा हप्ता, कुणाची तरी गोळी संपली. नवं कॅलेंडर लावताना जुनं काढत नाहीत, ते त्याच खिळ्याला मागे राहतं. एखाद्या दुपारी घरात कुणी नसताना ही चळत खाली उतरवावी आणि मागच्या दोन-तीन वर्षांची पानं सावकाश वाचावीत.

समजा, एका घरात मे महिन्याच्या प्रत्येक चौकोनात ‘दीड’ असं लिहिलेलं आहे. जूनच्या मध्यावर एका सोमवारी ‘दीड’ खोडून ‘एक’ केलं आहे, आणि तिथून पुढे सगळीकडे ‘एक’. त्या सोमवारी थोरला अकरावीसाठी लातूरला गेला. आईने त्याबद्दल दुसरं एक अक्षर लिहिलेलं नाही. दिवाळीच्या आठवड्यात चार दिवस पुन्हा ‘दीड’ आहे, आणि भाऊबिजेच्या चौकोनात ‘दोन’, त्यालाही गोल केलेला.

होतकरूंनी आपल्या तीन पानांची लांबी या अर्ध्या लिटरशी ताडून पाहावी.

वेळ

गुरू ब्राह्ममुहूर्त सांगतात. ज्यांच्या शेतीपंपाची थ्री फेज लाइट रात्रीच्या पाळीत आहे, त्यांना वेगळं उठायची गरज नाही. रात्री दोनला हरभऱ्याला पाणी फिरवताना, मोटार चालू आहे की बंद पडली याचा कानोसा घेत बांधावर बसलं की ‘मी इथे काय करतोय’ हा प्रश्न आपोआप पडतो. मोठमोठ्या शिबिरांत फी भरून हाच प्रश्न पाडून घ्यावा लागतो. उत्तर सुचत असताना शेजारच्या रानातून रोही आले तर उत्तर सोडून आधी रोही हाकलावेत.

स्वतःविषयी लिहिणं आपल्या संस्कृतीत बसत नाही, असं काही जण सांगतील. त्यांना घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईकडे पाठवावं. गिरणी गावात आली नव्हती तोवर पहाटेचं दळण हीच तिची लिहिण्याची वेळ होती. माहेर, भाऊ, सासूचा जाच, न जगलेलं लेकरू, सगळं ओवीत घालून ती जात्याला सांगायची. जात्याच्या घरघरीत सासूची तक्रार सासूपासून चार हातांवर बसून करता यायची. एवढी गोपनीयता आजच्या कुठल्याही ॲपमध्ये नाही, पासवर्ड असूनही. हेमा राईरकर आणि गी पॉतवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रभरच्या गावांतून अशा लाखावर ओव्या टिपून घेतल्या, म्हणून त्या कागदावर तरी आल्या. पलीकडे गंगाखेडच्या जनाबाईने तर थेट विठ्ठलालाच दळायला बसवलं. तेव्हा संस्कृतीचा मुद्दा इथेच संपला असं समजावं.

विषय

सगळ्यात जास्त होतकरू इथे गारद होतात. वहीत ‘मी’ लिहायला बसतात आणि चौथ्या ओळीला ‘मी’ संपतो.

वास्तविक या जिल्ह्यात आत्मशोधाचा अभ्यासक्रम सातशे वर्षं चालू आहे. परंपरा नामदेवांचा जन्म १२७० सालचा आणि कयाधूकाठच्या नर्सीचा मानते. संतांच्या मेळ्यात गोरोबाकाकांनी मडकी तपासायचं थापटणं घेतलं आणि एकेकाच्या डोक्यावर वाजवून कोण पक्कं, कोण कच्चं ते सांगत गेले. इतरांनी मुकाट ठोकून घेतलं. नामदेव चिडले आणि कच्चे ठरले. विठ्ठल ज्यांच्याशी बोलतो अशी ख्याती असलेला माणूस, आणि त्याचा निकाल लावला एका कुंभाराने, तोही चारचौघांत. मग ते औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले. तिथे म्हातारा पिंडीवर पाय ठेवून झोपलेला. पाय काढा म्हटलं तर म्हणाला, पिंड नसेल तिथे तूच ठेव. नामदेव पाय उचलून ठेवतील तिथे पिंड. याच औंढ्याला पुढे नामदेवांना देवळासमोरून उठवून मागे बसायला लावलं, तेव्हा देऊळच फिरलं म्हणतात. नंदी अजून मागच्या बाजूला आहे, ज्यांना शंका असेल त्यांनी जाऊन पाहावं.

आख्यायिका खरी मानायची की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. मला तिच्यातली व्यवस्था पटते. नामदेवांनी स्वतःला तपासलं असतं तर ते शंभर टक्के पक्के निघाले असते. रोजनिशीत एकट्याने बसून स्वतःला गुण देणाऱ्या माणसाचं असंच होतं. म्हणून नवशिक्याने निदान पहिलं वर्ष स्वतःविषयी मत लिहू नये. काय झालं, कुठे झालं, कोण काय बोललं, कोण बोललं नाही, एवढंच लिहावं.

उदाहरणार्थ भूकंप. वसमत-कळमनुरीकडच्या गावांना जमिनीतून येणारा गूढ आवाज नवा नाही, आणि १० जुलै २०२४ च्या सकाळी सव्वासातच्या सुमाराला जो धक्का बसला तो ४.५ रिश्टरचा होता. हा आकडा वहीत लिहिण्याचं कारण नाही, तो सरकारदप्तरी आहे. भांडी वाजली हेही सगळ्यांचंच सारखं. तुम्ही पळत बाहेर येताना आधी कुणाच्या नावाने हाक मारली, ते लिहावं. घरात कुणाला सांगू नये, पण लिहावं.

याच जिल्ह्यात औंढ्याजवळ दुधाळा शिवारात गुरुत्वलहरी टिपणारा लायगो प्रकल्प होतो आहे. केंद्राने २०२३ मध्ये २,६०० कोटींना मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि प्रोटॉनच्या जाडीच्या दहा हजाराव्या भागाइतकी हालचाल त्यात मोजली जाणार. तोवर सरावासाठी घरचं उपकरण वापरावं. सकाळचा चहा पुढ्यात ठेवताना कपाचा आवाज कालच्यापेक्षा मोठा झाला का, याची नोंद ठेवावी. सहा महिन्यांत तुम्हाला स्वतःबद्दल बरंच कळेल.

तारीख, गाव आणि पूर्ण नाव मात्र ठळक घालावं. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती निजामकालीन कुणबी नोंदी शोधायला बसली, तेव्हापासून मराठवाड्यात कागदाचं मोल कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मोडी वाचणारा माणूस त्या दिवसांत जावयासारखा मिरवत होता. पणजोबांनी मनातल्या पोकळीवर चार पानं लिहिली असती तर त्यांचा कुणालाच उपयोग नव्हता. कुणाच्या शेतात किती पायल्या पेरल्या, ही एक ओळ मात्र सोन्याची ठरली असती.

नमुना

एका काल्पनिक होतकरूचा आठवडा तपासून खाली दिला आहे.

सोमवार. ‘आज मला माझ्या आतल्या अथांग रितेपणाची जाणीव झाली.’ शेरा: किती वाजता? जेवण झालं होतं का?

मंगळवार. ‘कृतज्ञता. एक, सूर्य. दोन, आई-वडील. तीन, ऑक्सिजन.’ शेरा: आई-वडिलांना सांगितलं का? नसेल तर ऑक्सिजनला सांगायची घाई करू नये.

बुधवार. कोरं.

गुरुवार. ‘काल लिहिलं नाही. आबांबरोबर हळद घेऊन वसमतला गेलो होतो. अकरा कट्टे. जेठे गड्डे वेगळे भरायचे राहिले म्हणून आबा जाताना टेम्पोत एक शब्द बोलले नाहीत. लिलाव झाल्यावर हॉटेलात त्यांनी भज्यांच्या दोन प्लेटा सांगितल्या. त्यांना भजी चालत नाहीत. दोन्ही माझ्याकडे सरकवल्या आणि पेपर वाचत बसले.’ शेरा: उत्तम. सोमवारचं पान फाडलं तरी चालेल.

हळदीचा हंगाम

काढणी सुरू झाली की रोजनिशीचे नियम शिथिल होतात. काढणी, शिजवण, पंधरा दिवस वाळवण, राखण आणि मग ड्रममध्ये पॉलिश, या काळात एक ओळ पुरे. पानांना पिवळे ठसे लागतात, ते पुसत बसू नये, पुसले जात नाहीत. हळद कधी विकली आणि काय भावाने गेली, ते लिहावं. त्यानंतर भाव कुठवर चढला ते लिहू नये. गेल्या वर्षीचं ते पान उघडून बसणाऱ्या माणसांना मी पाहिलं आहे, त्यांची वैयक्तिक प्रगती थांबते.

वही कुठे ठेवावी

गादीखाली, पत्र्याच्या पेटीत, लग्नातल्या पितळी भांड्यांच्या फळीवर, गव्हाच्या कोठीमागे. या चारही जागा दसऱ्याच्या साफसफाईपर्यंतच टिकतात. जिल्हा परिषद शाळेतल्या गुरुजींनी टाचण वहीत लिहावं. तपासणीत ती पाहतात, वाचत कुणी नाही. बाकीच्यांनी वही घरात वाचली जाणार हे धरूनच चालावं. ‘मपली डायरी कोणं हातात घेतली?’ असा आरडाओरडा केल्यास, आतापर्यंत ज्यांनी वाचली नव्हती तेही वाचतात.

वाचणारं माणूस कधी कधी उत्तरही लिहून ठेवतं. तुम्ही नवऱ्याच्या भूमिकेत असाल आणि ‘२२ तारखेला मी घरात कुणाशी भांडलो नाही, दूध खाडा’ अशी तुमची नोंद असेल, तर समासात बारीक अक्षरात असं काही सापडू शकेल: ‘भांडलात. दूध आलं होतं, तुम्ही रागाने गच्चीवर होतात.’ अशा वेळी वाद घालू नये. ते वाक्य खोडू नये. महिन्याच्या एक तारखेला दूधवाल्याला पैसे बायकोच्या आकड्याप्रमाणे द्यावेत, आणि २२ च्या पानावर तिची सही घ्यावी.