चिमणी पडली, पाहुणे कुठे आहेत?

वीकएंड आला की मुंबई-पुण्याचा सुखवस्तू माणूस गाडी काढतो आणि घाटात नेऊन उभी करतो. समोरच्या गाडीचा नंबर पाठ झाला की चिक्की घेऊन परत फिरतो आणि सोमवारी कचेरीत ‘छान रिफ्रेश झालो’ असं जाहीर करतो. या माणसाला ‘यंदा सोलापूरला जा’ असं सांगितलं तर तो आधी विचारतो, ‘तिकडे कोण आजारी आहे?’ पर्यटन म्हणजे डोंगर, समुद्र, किल्ला किंवा देव, हे आपण ठरवून टाकलं आहे. त्या हिशेबानेही सोलापूर नापास होत नाही. भुईकोट किल्ला आहे, त्याला लागून तळं आहे, तळ्यात सिद्धेश्वराचं देऊळ आहे आणि तिन्ही पाहायला एकच रिक्षाभाडं पुरतं. तरी शहर यादीत येत नाही, कारण त्याच्यावर एक गंभीर आरोप आहे: इथली माणसं अजून काम करतात. कारखाना चालू असेपर्यंत तो आपल्याला कळकट वाटतो, बंद पडला की वारसा. मुंबईत फिनिक्स मिलची चिमणी मॉलच्या डोक्यावर जपून ठेवली, तेव्हा कुठे तिच्याखाली महाग कॉफी प्यायला लोक जमले.

सोलापूरनेही हा अभ्यासक्रम अर्धा पुरा केला होता. 1877 मध्ये जुनी मिल सुरू झाली, पाठोपाठ नरसिंग गिरजी आली, लक्ष्मी आणि विष्णू आल्या, भोंग्यावर शहराची घड्याळं लागली आणि पुढच्या शतकभरात एकेक करून सगळे भोंगे गप्प झाले. आता ‘पुनरुज्जीवन’ सुरू आहे म्हणतात. सोलापूर 2016 च्या जानेवारीत स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत निवडलं गेलं, आणि त्या स्मार्ट शहरातल्या गृहिणी नळाला पाणी कुठल्या दिवशी येणार हे पंचांगाच्या काटेकोरपणाने सांगू लागल्या. 15 जून 2023 रोजी सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या वीजनिर्मिती प्रकल्पाची उंच चिमणी स्फोटकं लावून पाडली, कारण ती विमानांच्या वाटेत येत होती. औद्योगिक शहराला ऊर्जितावस्था आणायची म्हणून कारखान्याचीच चिमणी पाडायची, ही कल्पना सुचायला सरकारी प्रतिभाच हवी. सप्टेंबर 2024 मध्ये विमानतळाचं दूरस्थ उद्घाटन झालं, आणि पहिलं प्रवासी विमान उडायला जून 2025 उजाडला. ते गेलं गोव्याला. म्हणजे चिमणी पाडून पहिली सोय काय झाली, तर सोलापूरकराला समुद्रावर जाता आलं.

यात अपवाद काही नाही, वेळापत्रकं चाळली की तेच दिसतं. चार हुतात्म्यांच्या नावाची हुतात्मा एक्स्प्रेस सकाळी सोलापूर सोडते आणि संध्याकाळी पुण्याहून परत निघते. 2023 मध्ये आलेली वंदे भारत पहाटे सहाच्या सुमारास सोलापुरातून मुंबईला धावते आणि रात्री उशिरा माणसं आणून सोडते. शहरातल्या वेगवान गाड्या शहर सोडण्यासाठीच आहेत. जे थोडे परके उतरतात, ते स्टेशनबाहेर लगेच तुळजापूर, अक्कलकोट किंवा गाणगापूरची गाडी शोधतात. त्यांच्या लेखी सोलापूर म्हणजे देवदर्शनाच्या वाटेवरचा स्टँड. उलट दिशेने येणाऱ्याला एक भली गाडी उरते, सिद्धेश्वर एक्स्प्रेस. रात्री मुंबईत बसा, सकाळी सोलापुरात उतरा. एका मुक्कामाचं लॉजभाडं तिथेच वाचतं, आणि स्वस्त सहलीचं गणित इथूनच सुरू होतं.

पहिली हरकत ठरलेली: ‘पण तिथे पाहण्यासारखं काय आहे?’ पूर्व भागात चला. गल्लीत शिरण्याआधीच मागांची खटखट ऐकू येते. आत मागाच्या डोक्यावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ फिरते, कुठे भोक आहे आणि कुठे नाही यावरून कुठला धागा वर उचलायचा ते ठरतं, आणि खाली इंचाइंचाने चादरीवर मोर उमटतो. संगणकाच्या पूर्वजाचं हे प्रात्यक्षिक परदेशात काचेआड ठेवून तिकीट लावतात. इथे ते पोटासाठी चालतं, म्हणून त्याचं कौतुक नाही. शेजारच्या उंबऱ्यावर मांडीत सूप घेऊन बाई विड्या वळते: पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा, आणि तोंडाने तेलुगूत नातवाला रागवायचं. चार पावलांवर कन्नड, पलीकडे उर्दू, आणि भाव करताना सगळ्यांची मराठी. चार पुतळ्यांपाशी थांबा. 1930 च्या मे महिन्यात या शहराने काही दिवस इंग्रजांचा अंमल झुगारला, मार्शल लॉ ओढवून घेतला, आणि 12 जानेवारी 1931 रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन हे चौघे येरवड्यात फासावर गेले. या चार नावांचं शहर पाहायचं तर आज कुठलंही पॅकेज मिळत नाही.

दुसरी हरकत उन्हाची. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर असतो हे खरं. पण मेमध्ये सोलापूरला जा असं सांगतंय कोण? संक्रांतीला जा. तेव्हा सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा असते, सात नंदीध्वज निघतात, अक्षता सोहळा होतो, आणि हवा घाटातल्या धुरापेक्षा नक्की बरी असते. खाण्याची हरकत कोणी घेणार नाही. कडक भाकरी, तेल सुटेपर्यंत कुटलेली शेंगा चटणी आणि वर शेंगापोळी, एवढ्यावर माणूस दोन दिवस काढतो आणि वर ‘डाएट’ होतं असंही म्हणू शकतो.

खरी हरकत तिसरी आहे आणि ती थट्टेवारी नेता येत नाही: कष्टकऱ्यांची वस्ती ही काय पाहायची गोष्ट आहे? आणि सोलापूर स्वस्त आहे ते कुणाच्या जिवावर? उत्तर उघड आहे. विडी नगावर आणि चादर मजुरीवर, असा जिथे हिशेब, तिथलं स्वस्त जेवण हे त्या मजुरीचंच दुसरं टोक आहे. याच कामगारांच्या रे नगरमधली 15 हजार घरं जानेवारी 2024 मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते मिळाली, तीही अनेक वर्षांच्या चळवळीनंतर. पण म्हणून न जाणं हा उपाय होत नाही. आपण गेलो नाही म्हणून मजुरी वाढल्याचं कुणी ऐकलेलं नाही. लोणावळ्यात चिक्कीला एमआरपी मोजणारा गृहस्थ मागावरच्या चादरीला मात्र निम्म्या भावात मागतो, लाज वाटायची तर याची वाटावी. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तरी ‘सोलापुरी’ छापाची चादर पानिपतहून येऊन देशभर खपते. मराठी माणसाचं पानिपत व्हायला हल्ली अब्दाली लागत नाही, स्वस्ताईची हौस पुरते.

तेव्हा सरकारने चिमण्या पाडून विमानांची वाट पाहत बसावं, तुम्ही रात्रीची गाडी पकडा. खर्च जेवणात वाचवा, मुक्कामात वाचवा, रिक्षात वाचवा. चादर घेताना मात्र ती कुठे विणली हे विचारा आणि विणणाऱ्याने सांगितलेला भाव द्या.