पावलीचा शब्द

एकदा एका ग्रुपवर जाहिरात आली. ‘मराठी कंटेंट रायटर पाहिजेत. घरबसल्या काम. शब्दाला २५ पैसे. ५०० शब्दांचं सॅम्पल आधी पाठवणे. सॅम्पलला मानधन नाही.’ पाच मिनिटांत खाली ‘इंटरेस्टेड’, ‘इंटरेस्टेड सर’, ‘मेसेज केलाय, बघा’ अशी रांग लागली. रांगेतला सातवा ‘इंटरेस्टेड’ माझा.

पंचवीस पैशांचं नाणं ३० जून २०११ पासून चलनातून बाद झालं. म्हणजे माझ्या एका शब्दाची किंमत रोखीत चुकती करतो म्हटलं तरी कुणाला करता येणार नाही. वाणी तर त्याच्याही आधीपासून सुट्ट्याऐवजी हातावर गोळी ठेवत होता. सगळ्या देशाने टाकून दिलेली पावली लेखकासाठी मात्र अजून कुणीतरी जपून ठेवली आहे.

असो. दर मी गिळला. घशात अडकलं ते व्याकरण.

संगणक शब्द मोजतो म्हणजे मधल्या मोकळ्या जागा मोजतो, आणि आपली भाषा जागा सोडायला तयार नाही. ‘घरासमोरच्यांनीसुद्धा’ हा शब्द घ्या. घर आलं, त्याच्या समोरची जागा आली, तिथली माणसं आली, त्यांनी काहीतरी केलं हे आलं, आणि ‘त्यांनीही करावं ना!’ हा शेजारधर्माचा ठसकाही आला. एवढा प्रपंच एका डब्यात. पावली. हिंदीवाला हेच ‘घर के सामने वालों ने भी’ असं पथारीवर मांडतो आणि दीड रुपया घेऊन जातो. दर तोच, ग्राहक तोच, घर तेच, समोरचेही तेच. चौथीत मी ‘झाडा खाली’ असं तोडून लिहिलं म्हणून बाईंनी हातावर पट्टी मारली होती. बाई, माझं बरोबर होतं. तो पंचवीस पैशांचा प्रश्न होता.

भाषांतरात हे दुखणं आणखी वाढतं. इंग्रजी मजकूर हजार शब्दांचा आला की माझ्या हातून मराठीत साडेसातशे-आठशे उतरतात. मग पैसे इंग्रजीचे मोजायचे की मराठीचे? एका ग्राहकाला हे विचारलं. तो म्हणाला, ‘सर, दोन्हींत जे कमी भरेल ते.’ रद्दीवालासुद्धा असं बोलत नाही. तो निदान काटा मारतो आणि गप्प बसतो.

शेवटी मी मार्ग काढला. तो मीच काढला असंही नाही, माझ्याआधी हजारोंनी काढला होता आणि मी त्यांना मूर्ख समजत होतो. आपल्या मोबाइलवर येणारा कुठलाही मराठी लेख उघडा. आवळ्याचे फायदे असोत, गृहकर्जाचे हप्ते असोत, कुणाचं निधन असो, दुसऱ्या ओळीत काय असतं? ‘चला तर मग जाणून घेऊया.’ मला वाटायचं, यांना दुसरं काही सुचत नाही का? आता हिशेब कळला. चला, तर, मग, जाणून, घेऊया. पाच शब्द. पंचवीसने गुणा. सव्वा रुपया! पूजेला बसताना सुपारीपुढे ठेवतात तोच सव्वा रुपया. तो ठेवल्याशिवाय आवळ्याला हात लावायचा नसतो. मीही ठेवू लागलो. मग चटकच लागली. ‘वापरा’ लिहिलं तर पावली पडते, ‘वापर केला जाऊ शकतो’ लिहिलं तर बंदा रुपया. ‘तेल लावा’ हे दोन शब्दांचं दारिद्र्य, तर ‘तेल हे लावले जाऊ शकते’ हा पाच शब्दांचा संसार, त्यात तो ‘हे’ काहीच न करता जावयासारखा बसून पावली खातो. ‘मी येतो’ असं आता आमच्याकडे कुणी म्हणत नाही, ‘माझ्याकडून येण्याची प्रक्रिया सुरू करण्यात आलेली आहे’ असं म्हणतो. परवा बायकोने विचारलं, जेवायला वाढू का? मी म्हणालो, ‘वाढले जाऊ शकते.’ तिने ताट परत आत नेलं. शब्दाने शब्द वाढतो म्हणतात. वाढू दे की! पूर्वी तारेच्या जमान्यात शब्दामागे पैसे आपण भरायचो, म्हणून माणसं मजकूर सोलून सोलून पाठवायची. २०१३ च्या जुलैत तार बंद पडली, आणि सोलून ठेवलेली ती सगळी सालं आता आम्ही लेखांत भरतो आहोत.

बरं, हे भरूनही हातात काय येतं? एका महिन्याचे माझे १,१८० रुपये झाले. पैसे पंचेचाळीस दिवसांनी आले ते १,०६२. दहा टक्के टीडीएस कापला म्हणे. एका ग्राहकाकडून वर्षाला ५०,००० रुपयांच्या आत फी मिळाली तर तो कापायची गरजच नसते, हे मी कळवलं. उत्तर आलं, ‘सर, आमची पॉलिसी आहे.’ ठीक. सरकारला दिला असेल म्हणून आयकर खात्याचं २६एएस उघडून पाहिलं, तर पाटी कोरी. ११८ रुपये. म्हणजे ४७२ शब्द. एक आख्खा आवळा आणि वर थोडी मेथी कुणीतरी खिशात घातली. कोणाकडे जाऊ? त्या रकमेसाठी रिक्षाने कुठे गेलो तर तेवढ्यातच ती संपते, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. सगळा धंदा याच एका माहितीवर उभा आहे!

आणि हेच लोक २७ फेब्रुवारीला फेटे बांधतात. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठी अभिजात झाली, तेव्हा याच ग्रुपवर पेढ्यांची चित्रं आली होती. भाषेचा इतिहास दोन हजार वर्षं मागे नेऊन झाला, दर मात्र पंचवीस पैशांवरून तीस पैशांवर नेता आला नाही. उलट त्या आठवड्यात मला फोन आला, ‘अभिजात मराठीवर एक छान लेख द्या. मानधन नाही, पण मराठीसाठी एवढं तरी करा.’ फेटा बांधणाऱ्याला पैसे दिलेत? ढोलवाल्यांना? मांडववाल्याला? मग मराठीसाठी एवढं तरी मीच का करायचं? मी फोन ठेवला. चार दिवसांनी लेख पाठवला. सवय.

गेल्या आठवड्यापासून जाहिरातही बदलली आहे. ‘भाषांतर यंत्राने केलेलं आहे. फक्त नजर फिरवून द्या. शब्दाला १० पैसे. पैसे अंतिम मजकुराचे.’ फाइल उघडली. पहिलीच ओळ, ‘चला तर मग जाणून घेऊया.’ पुढे ‘आवळ्याचे तेल हे केसांना लावले जाऊ शकते.’ मला गहिवरून आलं. यंत्र म्हणे आमचेच लेख वाचून मराठी शिकलं. तो ‘हे’सुद्धा जागच्या जागी होता.

मी ती ओळ खोडली आणि ‘केसांना आवळ्याचे तेल लावा’ असं सरळ लिहिलं. मग मोजलं. सातचे चार झाले होते. तीस पैसे गेले.

परत होतं तसं केलं.