कोपऱ्यावरच्या भाऊजींची साखर

"काकू, ऐकलंत का? कोपऱ्यावरच्या भाऊजींना साखर निघाली."

"त्या काडीपैलवानांना? काहीतरीच! निघायची तर आमच्या ह्यांना निघायची. भाऊजी बिचारे कितीही खाल्लं तरी अंगी लागत नाही म्हणतात."

"लागतं हो, पण आत. हातपाय काटकुळे, पण बनियनवर दूध घ्यायला आले की आधी पोट गेटबाहेर येतं, मग भाऊजी. काट्यावर मात्र वजन एकदम नियमात!"

"मग साखर आली कुठून?"

"पोटातून. आमची धाकटी डॉक्टरकीला आहे ना, ती सांगत होती. आपल्या रास्ता पेठेतल्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, त्यांनी 2004 साली लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांच्यासोबत स्वतःचाच फोटो 'लॅन्सेट' या डॉक्टरी नियतकालिकात दिला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, सारखा, 22.3. पण अंगातली चरबी मोजली तर साहेबांची 9.1 टक्के आणि आपल्या डॉक्टरांची 21.2!"

"अगंबाई! दुपटीच्या वर?"

"आणि हे जन्मापासूनचं. पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडातली साडेतीनची. आपली बाळं मांसात कमी पडतात, चरबीत फारशी नाहीत. म्हणून तर बीएमआय 23 झाला की आपल्याकडचे डॉक्टर वजन जास्त धरतात. गोऱ्यांना पंचविसापर्यंत सूट."

"म्हणजे जाड दिसायचीही गरज नाही. आणि आम्ही उगाच दुसऱ्या गल्लीतल्या सूनबाईंकडे बघून कुजबुजतो."

"तेच तर मला पटत नाही. बाई जरा भरली की सगळ्या सोसायटीचा डोळा, आणि पुरुषाचं पोट सुटलं की म्हणे खात्यापित्या घरचा! 2023 साली आयसीएमआरची देशभराची पाहणी आली. प्रौढांत पोट सुटलेले 39.5 टक्के. शंभरात चाळीस झाले की हो!"

"ह्यांना सांगते. पण ऐकतील तर शपथ. एकादशी, दुप्पट खाशी! काल उपासाला दोन डिश खिचडी झाली, वर रताळ्याचा कीस."

"भाऊजींचंही तेच. पोटातली चरबी आतड्यांभोवती साठते, तिथून लिव्हरमध्ये उतरते. मग इन्सुलिन असूनही चालत नाही आणि साखर रक्तातच फिरत राहते. पुढे रक्तदाब, हृदय, सगळं रांगेनं. बरं, काका घोरतात का?"

"भिंतीपलीकडे ऐकू येत नाही? मधेच श्वास थांबतो, मग मी कोपर मारते."

"कोपर पुरे, डॉक्टरांना दाखवा! घशाभोवती चरबी साठली की झोपेत श्वासाची वाटच बंद होते. रात्रभर ऑक्सिजन खाली-वर, दिवसभर पेंग. ती पेंग भाताची नव्हे."

"अरे देवा. मग काटा विकत आणू?"

"काटा राहू दे, शिवणाच्या डब्यातली टेप काढा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध धरायची, श्वास सोडून. पोट आत ओढायचं नाही, हे काकांना आधीच बजावा. पुरुषाला 90 सेंटिमीटर, बाईला 80. त्यावर गेलं तर उपाशीपोटी साखर तपासून घ्यायची."

"वहिनी, माझी मोजू नका हं."

"तुमचीच आधी. या अशा भिंतीजवळ."

"बरं, घ्या. पण आकडा हळू सांगा, समोरच्या गॅलरीत कान टवकारलेत."

"अठ्ठ्याऐंशी. उद्या सकाळी चहा न घेता माझ्याबरोबर लॅबमध्ये चला, आणि काकांनाही घ्या."