ब्राउझरमधले खड्डे : हद्दनिश्चितीची सुधारित कार्यपद्धती

व्याप्ती

सदर मार्गदर्शिका नवी मुंबई क्षेत्रातल्या अशा सर्व नागरिकांना लागू राहील, ज्यांच्या जुन्या लॅपटॉपवर भाच्याने एका रविवारी लिनक्स टाकून दिलं आणि सोमवारपासून जो ऐरोलीच्या ऑफिसात मीटिंगमध्ये आहे.

पार्श्वभूमी सर्वांना ज्ञात आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नियमित देखभाल थांबवली. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सोय लागते, ती बऱ्याच जुन्या यंत्रांत नसते. धडधाकट लॅपटॉप अशा रीतीने सक्तीने सेवानिवृत्त झाले. भाचा म्हणाला, "मामा, लिनक्स मिंट टाकतो. फुकट आहे, अँटिव्हायरसची कटकट नाही आणि तुम्हाला ब्राउझरशिवाय लागतं काय?" तिन्ही मुद्दे बरोबर होते. अडचण तिसऱ्यातच निघाली.

ब्राउझरमधले दोष पुढीलप्रमाणे आढळतात. स्क्रोल करताना बातमीचा मथळा आडवा चिरला जातो. व्हिडिओच्या जागी काळा चौकोन येतो. मेनू लुकलुकतो. अक्षरं धुक्यातून पाहिल्यासारखी दिसतात. आणि सर्वांत गंभीर म्हणजे ‘जिल्हाधिकारी’ या शब्दातल्या वेलांट्या स्वतःचं अक्षर सोडून शेजारी राहायला जातात.

मूलतत्त्व

खड्डा बुजवण्याआधी तो कोणाच्या हद्दीत आहे हे ठरवावं लागतं, हे नवी मुंबईकराला शिकवण्याची गरज नाही. शहर वसवणारे एक, सांभाळणारे दुसरे, कारखान्यांचा पट्टा तिसऱ्यांचा आणि हायवे चौथ्यांचा. ब्राउझरमधलं एक साधं ‘क’ पडद्यावर उमटेपर्यंत अशाच पाच हद्दी ओलांडतं: फॉन्ट, ब्राउझर, सगळ्या खिडक्या जुळवून एक चित्र करणारा कंपोझिटर, ग्राफिक्स ड्रायव्हर आणि शेवटी वायर व पडदा. प्रत्येक हद्दीतून उत्तर एकच येतं: आमच्याकडे सगळं व्यवस्थित आहे, पलीकडे चौकशी करा. म्हणून चौकशी आपणच, शेवटच्या हद्दीपासून मागे मागे येत करायची.

कलम १. पूर्वतयारी

(अ) लगेच रीस्टार्ट करू नये. रीस्टार्टने दोष जातो आणि पुरावाही जातो. दोष परत येतो.

(आ) एक वही घ्यावी. दुधाच्या हिशेबाची चालेल. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, लिहावी, तपासावी आणि फरक पडला नाही तर पूर्ववत करावी. पाच गोष्टी एकदम बदलून दोष गेला, तर तो कशाने गेला हे कळत नाही आणि पुढच्या अपडेटला पाचही गोष्टी पुन्हा कराव्या लागतात.

(इ) सोसायटीतल्या तज्ज्ञांना या टप्प्यावर बोलावू नये. तळमजल्यावरचे म्हणतील खाडीची खारी हवा आहे. तिसऱ्या मजल्यावरचे म्हणतील व्होल्टेज. सेक्रेटरी म्हणतील, विंडोज का नाही ठेवलंत?

कलम २. पंचनामा

दोष दिसत असतानाच स्क्रीनशॉट घ्यावा आणि त्याच वेळी मोबाइलने पडद्याचाही फोटो काढावा. दोन्ही शेजारी ठेवून पाहावेत.

स्क्रीनशॉटमध्ये घेतलेलं चित्र वायरीत शिरण्याआधीचं असतं. दोष स्क्रीनशॉटमध्ये उमटला असेल, तर वायर आणि पडदा निर्दोष सुटले. गुन्हा आत घडला आहे. दोष फक्त मोबाइलच्या फोटोत असेल, तर ब्राउझर आणि फॉन्ट यांना तूर्तास त्रास देऊ नये. एवढ्या एका कृतीने निम्मे संशयित घरी जातात आणि ती करायला टर्मिनल उघडावं लागत नाही. तरीही ती कोणी करत नाही, कारण तिच्यात काही बिघडवून ठेवण्याचा आनंद नाही.

कलम ३. हद्द पहिली: वायर व पडदा

वायर काढावी, पुन्हा नीट बसवावी. जमल्यास दुसरी वायर, दुसरा मॉनिटर लावून पाहावा. लॅपटॉप सुरू होताना कंपनीचं चिन्ह उमटतं, तेव्हाही रेघा दिसत असतील तर लिनक्स अजून जागंच झालेलं नाही. त्याला दोष देणं अन्याय आहे. खाडीच्या हवेचा मुद्दा फक्त या कलमाखाली विचारात घेतला जाईल.

कलम ४. हद्द दुसरी व तिसरी: ड्रायव्हर व कंपोझिटर

मथळ्याचं डोकं एकीकडे, धड दुसरीकडे, या प्रकाराला टेअरिंग म्हणतात. साधा पडदा सेकंदाला ६० वेळा चित्र उचलतो. उचलणं चालू असताना मध्येच नवं चित्र पुढे आलं, तर वरचा भाग जुन्याचा आणि खालचा नव्याचा लागतो.

लिनक्सवर चित्र पडद्यापर्यंत पोहोचवण्याच्या दोन पद्धती आहेत. एक्स-११ ही १९८७ सालची, म्हणजे वाशीत टायपिंग क्लास जोरात होते तेव्हाची. वेलँड ही २००८ मध्ये सुरू झालेली आणि अजूनही ‘नवी’ म्हणवून घेणारी. लॉगआउट करून लॉगिनच्या पडद्यावर दुसरी पद्धत निवडायची सोय असेल, तर ती निवडून पाहावी. दोष नाहीसा झाला, तर हद्द सापडली. एक्स-११ वरच राहायचं असेल, तर इंटेल आणि एएमडीच्या ड्रायव्हरला ‘टेअरफ्री’ नावाचा पर्याय असतो. छोट्याशा फायलीत तो चालू करता येतो.

एनव्हिडियाचं कार्ड असलेल्यांनी ड्रायव्हरची आवृत्ती पाहावी. वेलँडवर खिडक्या लुकलुकण्याचं एक मोठं कारण असं होतं की चित्र पुरतं तयार झालं आहे की नाही, यावर ड्रायव्हर आणि कंपोझिटर यांचं एकमत नव्हतं. २०२४ च्या ५५५ मालिकेपासून त्यांनी एकमेकांना स्पष्ट निरोप द्यायला सुरुवात केली. त्याआधीच्या आवृत्तीवर असाल, तर मिंटचा ड्रायव्हर मॅनेजर उघडावा. या कंपनीच्या सहकार्याविषयी लिनक्सचे जनक लिनस टॉरव्हल्ड्स यांनी २०१२ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात भर सभेत कॅमेऱ्याकडे मधलं बोट दाखवून मत नोंदवलं होतं. ही कृती दोषनिवारणाच्या अधिकृत पद्धतीत मोडत नाही. मात्र केल्याने यंत्राचं नुकसान होत नाही.

धूसर अक्षरांचं कारण बहुधा १२५ टक्के. चष्म्याचा नंबर वाढला की आपण सगळा पडदाच सव्वापट करतो. वेलँडवर जुन्या पद्धतीने चालणारी खिडकी मग आधी लहान रंगवली जाते आणि नंतर ताणली जाते. सगळा पडदा ताणण्याऐवजी फक्त अक्षरांचा आकार वाढवावा. फायरफॉक्स डिसेंबर २०२३ च्या १२१ व्या आवृत्तीपासून वेलँडवर आपण होऊन नव्या पद्धतीने चालतो. त्याहून जुना असेल तर तोच बदलावा.

कलम ५. हद्द चौथी: ब्राउझर

तेच पान दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडावं. फायरफॉक्समध्ये दोष आणि क्रोममध्ये नाही, असं असेल तर पुढे वाचावं.

फायरफॉक्सच्या मदत मेनूत समस्यानिवारणाचा मोड आहे. तो एक्स्टेन्शन, थीम आणि हार्डवेअर ॲक्सलरेशन यांना एकदम रजेवर पाठवतो. दोष गेला, तर तिघांना एकेक करून कामावर बोलवावं. पहिलं बोलावणं एक्स्टेन्शनना. त्यांतली निम्मी कोणी टाकली हे घरात कोणालाच आठवत नसतं.

हार्डवेअर ॲक्सलरेशन बंद केल्यावर चित्र सुधारलं, तर विजयोत्सव करू नये. ब्राउझरने ग्राफिक्स कार्डाची मदत घेणं सोडलं, एवढंच सिद्ध झालं. बोट बहुधा पुन्हा कलम ४ कडेच जातं. शिवाय आता सगळं चित्रकाम मुख्य प्रोसेसर करू लागतो आणि यूट्यूबवर कीर्तन लावलं की लॅपटॉपचा पंखा साथीला बसतो. हा डांबराचा तात्पुरता थर समजावा आणि वहीत तसंच लिहावं.

उबंटूवाल्यांसाठी जादा पोटकलम: २२.०४ पासून तिथला फायरफॉक्स स्नॅप नावाच्या बंद डब्यातून येतो. डब्यातला आणि डब्याबाहेरचा, असे दोन्ही तपासावेत.

कलम ६. हद्द पाचवी: फॉन्ट

ही हद्द मराठी वाचकाची स्वतःची. इंग्रजी वाचणाऱ्याला पाच हद्दींतल्या चारच माहीत असतात.

(अ) अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन: देवनागरी फॉन्टच नाही. नोटो किंवा लोहित बसवावा. लोहित फॉन्ट रेड हॅटने २००४ मध्ये मुक्त परवान्याखाली खुले केले. तोवर लिनक्सवर मराठी वाचू पाहणाऱ्याला फॉन्ट शोधत फिरावं लागे. यंत्र मराठीसाठी कोणता फॉन्ट निवडतं, हे ‘एफसी-मॅच’ ही आज्ञा सांगते. ती फोनवरून लिहून घेताना पुढील संवाद गृहीत धरावा.

"मामा, लिहा. एफसी, मग डॅश, मग मॅच. जागा सोडा. आता कोलन."

"अपूर्णविराम म्हण."

"बरं, तो. मग लँग, बरोबरचं चिन्ह, एमआर."

"एमआर म्हणजे मिस्टर?"

"मराठी, मामा!"

(आ) मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरं, टोप्या आणि पौंडाची चिन्हं: तुमचा ब्राउझर निर्दोष आहे. ते पान सुरेख, श्री-लिपी अशा जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये टाइप केलं आहे आणि यंत्राच्या लेखी ते मराठी नाहीच. एके काळी मराठी दैनिकांच्या साइटही अशाच होत्या. इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये फॉन्ट आपोआप उतरत असे, लिनक्सवर मात्र अग्रलेखाच्या जागी पौंड आणि टोप्याच दिसत. तेव्हा फायरफॉक्ससाठी ‘पद्मा’ नावाचं एक्स्टेन्शन ही पानं युनिकोडमध्ये उलगडून दाखवायचं. आज अशी कागदपत्रं सापडली तर कन्व्हर्टर वापरावा. ड्रायव्हर बदलू नये.

(इ) वेलांटीचं स्थलांतर: ‘कि’ लिहिताना यंत्र आधी ‘क’ साठवतं, मग वेलांटी, दाखवताना मात्र वेलांटी आधी काढावी लागते. ही उलटापालट करणारी यंत्रणा बंद असेल, तर वेलांटी उजवीकडेच बसून राहते आणि जोडाक्षरं पाय मोडून उभी राहतात. जून २००८ मध्ये फायरफॉक्स ३ येईपर्यंत मोझिलाच्या मूळ लिनक्स आवृत्तीत ती यंत्रणा, म्हणजे पँगो, मुळात बंदच असायची. चालू करायला ‘मोझ एनेबल पँगो’ असा मंत्र ब्राउझर सुरू करण्याआधी म्हणावा लागे. आज हे काम फायरफॉक्स आणि क्रोम या दोघांतही हार्फबझ नावाची एकच यंत्रणा करते. म्हणून कलम ५ मधली दोन ब्राउझरांची साक्ष अक्षरांच्या बाबतीत एकच धरावी. दोघे एकाच वकिलाकडून बोलतात. वेलांटी आजही हलली, तर जुना किंवा अर्धवट फॉन्ट काढून टाकावा.

(ई) ‘ॲ’ च्या जागी ठिपक्यांचं वर्तुळ: हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये, ५.१ व्या आवृत्तीत दाखल झालं. त्याआधीची सवय असलेले लोक ‘अ’ टाइप करून त्याच्यावर वेगळी चंद्रकोर ठेवतात. हार्फबझला हा जोड नामंजूर आहे; तो चंद्रकोरीखाली ठिपक्यांचं वर्तुळ काढून निषेध नोंदवतो. दोष टाइप करणाऱ्याचा. त्याला कळवावं, तो ऐकणार नाही.

(उ) ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसणं: राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने पाकळीचा ल आणि देठाचा श प्रमाण ठरवला. चांगल्या फॉन्टात दोन्ही वळणं असतात, पण पानाने ‘माझी भाषा मराठी’ असं आपल्या कोडमध्ये सांगितलं तरच मराठी वळण बाहेर येतं. पुष्कळ पानं हे सांगायला विसरतात. इथे खड्डा तुमच्या घरात नसून साइटच्या दारात आहे.

या कलमाखाली चिडचिड होत असल्यास खारघर स्टेशनपर्यंत फिरून यावं. समोर सी-डॅक मुंबईचं संकुल आहे. याच संस्थेत पुढे विलीन झालेल्या एनसीएसटीत सुलेखनकार र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी ‘रघू’ हा मुक्त परवान्याचा देवनागरी फॉन्ट घडवला. विंडोजमधला ‘मंगल’ही त्यांचाच. म्हणजे ज्या विंडोजकडे परत जायचा सल्ला सेक्रेटरी देत आहेत, तिथलं मराठीही याच हातातून उतरलं होतं, हे त्यांच्या निदर्शनास आणून द्यावं.

कलम ७. अपील

पाचही हद्दी तपासून दोष उरला, तर ज्यांचा तो आहे त्यांच्याकडे तक्रार नोंदवावी. रस्त्यापेक्षा इथे एक सोय जास्त आहे: बहुतेक हद्दींची दप्तरं उघडी आहेत आणि खड्डा बुजवणारा माणूस स्वतः ती वाचतो. गैरसोयही आहे. मोझिलाच्या तक्रारवहीत ‘माझ्याकडे चालतंय’ हा अधिकृत शेरा आहे. तो टाळण्यासाठी पुढील नमुन्यात अर्ज करावा.

नमुना अर्ज

प्रति, मा. देखभालकर्ते.

विषय: मराठी पान स्क्रोल करताना मथळा चिरला जाण्याबाबत.

महोदय, दोष स्क्रीनशॉटमध्ये दिसत नाही, मोबाइलच्या फोटोत दिसतो. वायर व मॉनिटर बदलून पाहिले, फरक नाही. दुसऱ्या ब्राउझरमध्येही हीच स्थिती आहे. एक्स-११ वर दोष आहे, वेलँडवर नाही. ग्राफिक्स कार्ड, ड्रायव्हरची आवृत्ती व ब्राउझरच्या ‘अबाउट सपोर्ट’ पानाचा मजकूर सोबत जोडला आहे. सबब, आपल्याकडे चालत असल्यास आनंद आहे. अर्ज आमच्याकडे न चालण्याविषयी आहे.

कळावे,
अर्जदार (भाचा मीटिंगमध्ये असल्याने स्वतः)

सोबत: दुधाच्या वहीची सत्यप्रत. मागच्या पानांवरचा दुधाचा हिशेब या अर्जाचा भाग समजू नये.